गोव्यातील जुन्या घराचा शोध

गोव्यातील बार्देश, तिसवाडी आणि सासष्टी या तालुक्यांत जी जुनी, प्रशस्त कौलारू घरे आहेत, ती विकत घेऊ इच्छिणाऱ्यांत मुंबई-पुण्याकडील मराठी कुटुंबेही असतात. जाहिरातींतून या घरांना सरसकट पोर्तुगीज ठरवले जात असले, तरी त्यांपैकी बहुतेक घरे गोमंतकीय कुटुंबांनी स्थानिक गवंडी व सुतार यांच्याकडून बांधून घेतलेली असून, त्यांच्या रचनेत युरोपीय वळणाइतकाच कोकणपट्टीतील पावसाचाही विचार झालेला आहे.

ख्रिस्ती घरांची ठळक खूण म्हणजे बाल्कांव, म्हणजे काही पायऱ्या चढून गेल्यावर दारासमोर लागणारा, छप्पर असलेला आणि दोन्ही बाजूंना बांधीव बाके असलेला ओटा, जिथे घरातली माणसे संध्याकाळी रस्त्याकडे तोंड करून बसत. हिंदू घरांचा जीव मात्र आतल्या राजांगणात, म्हणजे खोल्यांनी वेढलेल्या आणि मधोमध तुळस असलेल्या मोकळ्या चौकात असतो. जुन्या खिडक्यांना काचेऐवजी पातळ, चपटे शिंपले लाकडी पट्ट्यांत बसवलेले असत. त्यांतून ऊन न येता दुधी उजेड आत येतो, आणि अशी शाबूत तावदाने आज क्वचितच आढळतात. छपरावरून घराच्या वयाचाही थोडा अंदाज बांधता येतो, कारण बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना 1865 मध्ये काढला, त्यामुळे चपटी मंगलोरी कौले असलेले छप्पर त्यानंतरचे किंवा त्यानंतर पुन्हा शाकारलेले असते. त्याआधी नळीची कौले वापरात होती.

भिंतींकडे मात्र अधिक बारकाईने पाहावे लागते. त्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या असून हा दगड सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो. चुन्याचा गिलावा ते पाणी वाळू देतो, तर सिमेंटचा गिलावा ते आत कोंडतो, आणि मग ओल भिंतीत वर चढते, रंगाचे पोपडे सुटतात व भिंतीत रुतलेली तुळयांची टोके कुजू लागतात. म्हणून जमिनीलगत नव्याने केलेला सिमेंटचा पट्टा दिसला, तर तिथे आधीपासून ओल असण्याची शक्यता धरावी आणि तुळईची टोके जाणकार सुताराकडून ठोकून, टोचून तपासून घ्यावीत. डिसेंबरात निर्दोष वाटणारे घर जुलैत वेगळेच दिसते; सौद्यापूर्वीची एक पाहणी भर पावसात व्हावी हे उत्तम.

तथापि बांधणीपेक्षा कठीण प्रश्न मालकीचा असतो. 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात 1870 मध्ये लागू झाला आणि 1961 च्या मुक्तीनंतरही त्याचा कौटुंबिक भाग टिकून राहिला. या कायद्यानुसार विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सर्वसाधारणपणे समाईक होते, आणि म्हणून स्थावर मिळकत विकताना दोघांचीही संमती लागते. शिवाय मुलेबाळे असताना अर्ध्या मालमत्तेपलीकडे मृत्युपत्राने वाटेल तशी विल्हेवाट लावता येत नाही. परिणामी एकाच घराचे वारस म्हापसा, मुंबई, लिस्बन आणि लंडन असे विखुरलेले असतात, आणि त्यांतील प्रत्येक विवाहित वारसाच्या जोडीदाराचाही प्रश्न येतो. मृताची मालमत्ता व वारस निश्चित करून वाटणी करणाऱ्या न्यायालयीन कार्यवाहीला इन्व्हेंटरी म्हणतात. ती झालेली नसताना एखाद्या भावाने पूर्ण घराचा सौदा केल्यास खरेदीदाराच्या हाती वादाखेरीज फारसे काही पडत नाही. पंचायतीची घरपट्टी कोणाच्या नावे आहे एवढ्यावर विसंबणे म्हणूनच चुकीचे आहे, कारण ती मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे.

जमिनीच्या फॉर्म 1 व 14 या उताऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात मुंडकाराचे नाव आहे का, हेही पाहणे आवश्यक आहे. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, अर्थात जमीनमालकाच्या संमतीने त्याच्या जागेत घर करून राहणारा मनुष्य. 1975 च्या कायद्याने त्याला बेदखलीपासून संरक्षण आणि आपले घर व त्याभोवतालची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टांतून आलेला असल्याने त्याच्याकडे अडथळा म्हणून पाहणे अन्यायाचे आहे. व्यवहारापूर्वी त्याची नोंद स्पष्ट करून घेणे हाच दोन्ही बाजूंच्या हिताचा मार्ग होय. घरासोबत भातशेत विकले जात असेल, तर शेती न करणाऱ्याला ते घेण्यावर 2023 च्या गोव्याच्या कायद्याने निर्बंध आणले आहेत. अनिवासी भारतीयांना घर घेता येते. शेतजमीन किंवा बागायत मात्र परकीय चलनाच्या नियमांमुळे सहसा घेता येत नाही.

कागद, पाऊस आणि किंमत या क्रमाने शोध घ्यावा. दर्शनी भिंत तेवढी राखून आतले सर्व पाडण्याचा ज्यांचा विचार असेल, त्यांनी मोकळा भूखंड घेऊन नवे घर बांधावे आणि जुने घर ते चुन्याने गिलावून, दरवर्षी कौले परतून राखू इच्छिणाऱ्यांसाठी सोडावे.