राज्य बदलताना परवाना सांभाळा

आपल्या वस्तीतली मुलगी नर्स होते तेव्हा एकटी ती शिकलेली नसते. बापाने उचल घेतलेली असते, आईचं कानातलं गहाण पडलेलं असतं. अशा काही मुली पुढे एनक्लेक्स परीक्षा देऊन अमेरिकेत जातात. तिथला परवाना म्हणजे मागच्या साऱ्या घराचा आधार. म्हणून हा विषय त्यांच्याबरोबर घरच्यांसाठीही आहे.

आम्ही वॉर्डात राबलेल्या बायका. मॉर्फिन, पेथिडीन, फेंटॅनिल यांसारखी औषधं नर्सच्या हाताखालून रोज जातात. सलग नाईट ड्युटी, मोडलेली पाठ आणि परमुलखातलं एकटेपण त्यात मिसळलं की एखादीला औषधाची किंवा दारूची सवय लागते. व्यसन हा आजार आहे. त्यात मुलीच्या संस्कारांचा दोष काढू नये.

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत अशा नर्सला थेट शिक्षा न करता देखरेख कार्यक्रमात घेतात. फ्लोरिडात तो १९८३ पासून आहे. नर्स करारावर सही करते. हा करार बहुधा तीन ते पाच वर्षांचा असतो. रोज फोनवर किंवा ॲपवर हजेरी लावायची. नंबर लागला की त्याच दिवशी लघवीची तपासणी, तीही बहुतेक ठिकाणी स्वतःच्या खर्चाने. कामावरचा वरिष्ठ ठरावीक मुदतीने अहवाल पाठवतो. काही काळ नार्कोटिक औषधांच्या कपाटाला हात लावता येत नाही, नाईट आणि ओव्हरटाईम बंद राहतो. करार नीट पूर्ण केला तर अनेक राज्यांत ही गोष्ट जाहीर होत नाही.

अडचण कुठे येते?

समजा, टेक्ससमधली नर्स अशा कार्यक्रमात आहे आणि नवऱ्याची नोकरी कॅलिफोर्नियात गेली. आपल्याला वाटतं, देश एकच, मग अडचण कसली? पण तिथे परवाना देशाचा नसतो, राज्याचा असतो. प्रत्येक राज्याचं नर्सिंग बोर्ड वेगळं, नियम वेगळे.

बऱ्याच राज्यांनी मिळून एक करार केला आहे. त्याचं नवं रूप जानेवारी २०१८ पासून लागू आहे. त्यात एकाच परवान्यावर सर्व सहभागी राज्यांत काम करता येतं. टेक्सस त्यात आहे. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क नाहीत. मुख्य गोष्ट अशी की देखरेख कार्यक्रमात असेपर्यंत नर्सची ही बहुराज्यीय सवलत बंद ठेवली जाते. मग ती करारातल्या राज्यात जावो की बाहेरच्या, जुन्या परवान्यावर तिथे काम करता येत नाही. नव्या राज्याकडे वेगळा अर्ज करावाच लागतो.

कोणत्या क्रमाने पावलं टाकावीत?

पहिलं, सामान बांधण्याआधी कार्यक्रमातल्या आपल्या केस मॅनेजरला कळवा आणि परवानगी लेखी घ्या. तोंडी होकारावर विसंबू नका.

दुसरं, नव्या राज्याच्या बोर्डाला लेखी विचारा. काही राज्यं आधीची देखरेख मान्य करून पुढे चालवतात, काही नव्याने तपासणी आणि नवा करार मागतात. कधी दोन्ही राज्यांच्या अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात.

तिसरं, अर्जात कार्यक्रमाबद्दल प्रश्न असेल तर खरं लिहा. करारातली राज्यं ही माहिती आपसांत पाहू शकतात. लपवलेलं उघड झालं तर मूळ कारणापेक्षा खोटं लिहिणंच महागात पडतं.

चौथं, नव्या गावात तपासणी केंद्र कुठे आहे ते आधी शोधा. प्रवासाच्या दिवशीही नंबर लागू शकतो. चुकलेली तपासणी अनेक कार्यक्रमांत दोषी निकालासारखीच धरतात.

पाचवं, नवा परवाना हातात येईपर्यंत जुना सोडू नका आणि नोकरीची तारीख देऊ नका. करार अर्धवट टाकून गेलात तर प्रकरण बोर्डाकडे जातं. शिक्षा झाली की ती नर्सिसच्या यादीत सर्वांना दिसते आणि राज्य बदललं तरी मागे लागते.

सहावं, तपासण्यांचे निकाल, वरिष्ठांचे अहवाल, नियम पाळल्याचं पत्र, सगळ्याच्या प्रती स्वतःजवळ ठेवा. गुंता वाढला तर परवान्याची कामं करणारा वकील गाठा.

आपला हक्कही माहीत हवा. व्यसनावर डॉक्टरांनी दिलेलं औषध घेणाऱ्या नर्सना इंडियानाचं नर्सिंग बोर्ड तिथल्या मदत कार्यक्रमात घेत नव्हतं. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने हे अपंगांच्या हक्काच्या कायद्याचा भंग असल्याचं ठरवलं. म्हणून "औषध बंद करा" असं कुणी सांगितलं तर गप्प बसू नये. आधी आपल्या डॉक्टरला आणि वकिलाला विचारावं.

घरच्यांनी काय करावं?

येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर डबा पाठवताना जपा. खसखस लावलेले अनारसे प्रेमाने पाठवले जातात, पण खसखशीमुळे लघवीत मॉर्फिन दिसू शकतं. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉलची गोळी तर मुळीच नको. दारूचा अंश असलेलं टॉनिकही नको. एका डब्यापायी वर्षांची मेहनत अडकू शकते.

या काळात तिची कमाई घटते आणि तपासणीचा खर्च वाढतो. पैसे कमी आले तर भावकीत चर्चा करू नका. "तुझ्यामुळे मान खाली गेली" हे वाक्य फोनवर कधी बोलू नका. "आज हजेरी लावलीस का, जेवलीस का" एवढं विचारा. तपासणीला न चुकता जाणारी मुलगी आजाराशी झगडते आहे. तिला लाज वाटायला लावली तर ती लपवायला लागेल, आणि या कार्यक्रमात लपवणाऱ्याचंच नुकसान होतं.