फ्लीट कार्ड घेण्याआधी

इंडियन ऑइलचे ‘एक्स्ट्रापॉवर’, भारत पेट्रोलियमचे ‘स्मार्टफ्लीट’ आणि हिंदुस्तान पेट्रोलियमचे ‘ड्राइव्हट्रॅक प्लस’ ही आपल्याकडची प्रमुख फ्लीट कार्डे. प्रत्येक कार्ड त्या-त्या कंपनीच्याच पंपांवर चालते. म्हणून रिवॉर्ड पॉइंट मोजण्याआधी आपल्या गाड्या कोणत्या मार्गाने धावतात ते पाहा, आणि त्या मार्गावर, विशेषतः रात्रीच्या थांब्यांजवळ, कोणाचे पंप आहेत ते ड्रायव्हरलाच विचारा. त्याच्याइतकी नेमकी माहिती दुसऱ्या कोणाकडे नसते.

खरा फायदा हिशेबात आहे. गाडीनिहाय कार्ड, रोजची मर्यादा आणि पिन असल्याने ड्रायव्हरला डिझेलसाठी मोठी रोकड जवळ बाळगावी लागत नाही; रात्रीच्या महामार्गावर हा त्याच्या जिवाचा प्रश्न असतो. भरलेले लिटर आणि धावलेले किलोमीटर जुळवले की अ‍ॅव्हरेज घसरलेली गाडीही लगेच सापडते.

डिझेल जीएसटीबाहेर असल्याने त्यावर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. कोणतेही कार्ड घेतले तरी हे बदलत नाही. व्हॅट मात्र राज्यागणिक वेगळा. गोव्यात डिझेल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त पडते, तेव्हा तिकडे जाणाऱ्या गाडीची मर्यादा त्या बेताने ठेवावी. उधारीची सोय घेणार असाल, तर व्याज कोणत्या दिवसापासून लागते ते आधी लेखी मागून घ्या.