पहिली घरखरेदी आणि लगतची जमीन (इंग्लंडमधील मुद्रांक भूमी कर)

इंग्लंड व उत्तर आयर्लंड येथे घर किंवा जमीन विकत घेणाऱ्यास जो कर भरावा लागतो, त्यास स्टॅम्प ड्यूटी लँड टॅक्स, म्हणजेच मुद्रांक भूमी कर असे म्हणतात. आयुष्यात प्रथमच घर घेणाऱ्यास या करात सवलत मिळते. मात्र घराबरोबर त्याच्या लगतची जमीनही घेतली, तर ही सवलत टिकते की जाते, हे त्या जमिनीचे स्वरूप, एकूण किंमत आणि विक्रेता कोण आहे, या तीन गोष्टींवर ठरते. स्कॉटलंड व वेल्स येथील कायदे निराळे आहेत. वेल्समध्ये पहिल्या खरेदीदारासाठी वेगळी सवलतच नाही.

कराचे स्वरूप आणि दर

हा कर वित्त अधिनियम २००३ अन्वये १ डिसेंबर २००३ पासून लागू झाला. त्याच्या नावात मुद्रांक असला, तरी महाराष्ट्रातील मुद्रांक शुल्काप्रमाणे तो दस्तावर आकारला जात नाही. तो व्यवहारावर आणि सामान्यतः प्रत्यक्ष दिलेल्या मोबदल्यावर आकारला जातो. १ एप्रिल २०२५ पासून निवासी मिळकतीच्या पहिल्या १,२५,००० पौंडांवर कर नाही. त्यापुढे २,५०,००० पौंडांपर्यंतच्या भागावर २ टक्के आणि ९,२५,००० पौंडांपर्यंतच्या भागावर ५ टक्के कर पडतो. त्याहून महाग घरांसाठी १० व १२ टक्क्यांचे टप्पे आहेत. शेती, दुकान यांसारख्या अनिवासी मिळकतीचे दर वेगळे आहेत: १,५०,००० पौंडांपर्यंत शून्य, २,५०,००० पर्यंतच्या भागावर २ टक्के आणि पुढील रकमेवर ५ टक्के. निवासी व अनिवासी मिळकत एकाच व्यवहारात घेतली, तर ती मिश्र मिळकत ठरते आणि संपूर्ण रकमेला अनिवासी दर लागतात.

पहिल्या खरेदीदाराची सध्याची सवलत २२ नोव्हेंबर २०१७ पासूनची आहे. तिच्या मर्यादा मधल्या काळात बदलत गेल्या. आज ३ लाख पौंडांपर्यंत कर नाही आणि ३ ते ५ लाखांच्या भागावर ५ टक्के कर आहे. किंमत ५ लाखांच्या वर एका पौंडाने जरी गेली, तरी सवलत पूर्णपणे संपते व नेहमीचे दर लागतात. ५ लाखांच्या घरावर १०,००० पौंड कर होतो, तर त्याहून किंचित महाग घरावर सुमारे १५,००० पौंड. घरालगतची जमीन खरेदीदारास अडचणीत आणते ती बहुधा याच उंबरठ्यावर.

पहिला खरेदीदार कोण?

ज्याने जगात कोठेही यापूर्वी घराची मालकी मिळवलेली नाही, तोच पहिला खरेदीदार होय. वारशाने किंवा बक्षीसपत्राने मिळालेले घरही मोजले जाते. लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या नावावर वडिलांच्या पश्चात पुण्यातील सदनिका किंवा तिचा हिस्सा झाला असेल, तर इंग्लंडमधील पहिल्याच खरेदीतही त्याला ही सवलत मिळत नाही. खरेदी संयुक्त असेल, तर प्रत्येक खरेदीदार या व्याख्येत बसावा लागतो. पतीच्या नावे पूर्वी घर असेल, तर पत्नीच्या पात्रतेनेही संयुक्त खरेदी तरत नाही. मोकळी जमीन मात्र घर नव्हे. गावाकडील शेतजमीन वारशाने मिळाल्याने पात्रता जात नाही. तिच्यावर घर असेल, तर गोष्ट वेगळी. याशिवाय घेतलेल्या घरात स्वतः राहण्याचा हेतू असावा लागतो.

लगतची जमीन: आवार की शेत?

सवलत एकाच घराच्या खरेदीला मिळते. त्या घराची बाग किंवा आवार यांचा समावेश कायदा घरातच करतो. म्हणून लगतचा तुकडा आवारात मोडत असेल, तर त्याची किंमत घराच्या किमतीत मिळवली जाते आणि बेरीज ५ लाखांच्या आत राहिल्यास सवलत कायम राहते. २,९०,००० पौंडांचे घर व ३०,००० पौंडांचा परसातील तुकडा एकाच व्यवहारात घेतल्यास ३,२०,००० पौंडांवर १,००० पौंड कर होतो. पण ४,९०,००० पौंडांच्या घरासोबत १५,००० पौंडांचा तुकडा घेतला, तर बेरीज ५,०५,००० होते व कर ९,५०० वरून १५,२५० पौंडांवर जातो. पंधरा हजारांच्या तुकड्यापायी ५,७५० पौंडांचा जादा कर भरणे खचितच महाग आहे.

तुकडा आवारात मोडत नसेल, तर मुळातच चित्र बदलते. समजा, ३,८०,००० पौंडांच्या घरासोबत ६०,००० पौंडांचे कुरण घेतले. ते आवार ठरले, तर सवलतीने ७,००० पौंड कर येतो. तेच कुरण एखादा शेतकरी भाड्याने घेऊन व्यवसाय म्हणून गुरे चारण्यासाठी वापरत असेल, तर मिळकत मिश्र ठरण्याचा संभव असतो. मग सवलत जाते व ११,५०० पौंड भरावे लागतात.

आवार कशास म्हणावे, याची मोजमापाची व्याख्या कायद्यात नाही. खरेदीच्या वेळी आणि त्यापूर्वी जमिनीचा वापर कसा होता, ती घरापासून किती दूर आहे, मध्ये रस्ता वा कुंपण आहे काय, घराच्या मानाने तिचा विस्तार केवढा आहे, अशा अनेक बाबी एकत्र पाहिल्या जातात. घराच्या उपभोगासाठी आवश्यक तेवढीच जमीन आवार मानावी, हा युक्तिवाद अपील न्यायालयाने २०२२ मध्ये फेटाळला. त्यामुळे मोठी, फारशी न वापरलेली जमीनही आवार ठरू शकते.

या वादांत एक विरोधाभास आहे. न्यायालयात येणारे खरेदीदार बहुतेक वेळा महागड्या घरांचे मालक असतात आणि लगतची जमीन आवार नाही, असे त्यांचे म्हणणे असते. कारण उघड आहे: २० लाख पौंडांच्या मिळकतीवर नेहमीच्या निवासी दराने १,५३,७५० पौंड, तर मिश्र दराने ८९,५०० पौंड कर होतो. पहिल्या खरेदीदाराचे हित नेमके उलट, म्हणजे जमीन आवार ठरण्यात असते. खजिन्याने मोठ्या खरेदीदारांविरुद्ध मिळवलेले निकाल अशा रीतीने लहान खरेदीदाराच्या कामी येतात. तथापि, त्याची बेरीज ५ लाखांपुढे गेली, की हा लाभ उरत नाही.

जोडव्यवहार

घर व जमीन यांची खरेदीखते वेगळी केल्याने सुटका होत नाही. त्याच विक्रेत्याकडून त्याच खरेदीदाराने एकाच योजनेचा भाग म्हणून केलेले व्यवहार जोडव्यवहार समजले जातात. पाच लाखांची मर्यादा पाहताना त्यांच्या किमती एकत्र केल्या जातात, आणि जोडलेला व्यवहार आवाराव्यतिरिक्त अन्य जमिनीचा असल्यास घरावरील सवलतही जाते. खरेदीदाराशी वा विक्रेत्याशी निकटचा संबंध असलेल्या व्यक्तीही यात येतात. घर मुलाच्या नावे आणि शेजारचे शेत वडिलांच्या नावे, ही आपल्याकडे सुचणारी वाट येथे उपयोगी पडत नाही. याउलट विक्रेते खरोखरच भिन्न व असंबद्ध असतील, तर व्यवहार जोडले जात नाहीत. वरील उदाहरणातील कुरण शेजारच्या त्रयस्थ शेतकऱ्याकडून घेतले, तर घरावर ४,००० पौंड आणि कुरणावर काहीच नाही, अशी आकारणी होते.

जमिनीच्या तुकड्यावर दुसरे राहते घर असेल, किंवा ते बांधले जात असेल, तर एकाच घराची अट मोडते व सवलत मिळत नाही.

विवरणपत्र

व्यवहार पूर्ण झाल्यापासून १४ दिवसांत विवरणपत्र व कर भरावा लागतो. हे काम बहुधा खरेदीदाराचा वकील करतो. जबाबदारी मात्र खरेदीदाराचीच राहते. घर आधी घेऊन काही महिन्यांनी त्याच विक्रेत्याकडून जमीन घेतली आणि ती पहिल्याच बोलणीचा भाग असली, तर मधल्या अंतराने जोड तुटत नाही. अशा वेळी पहिल्या व्यवहाराचे पुन्हा विवरणपत्र भरून फरकाची रक्कम द्यावी लागते.