खाल्ल्या घासाची नोंद

‘आम्ही खातो मोजकंच, तरी वजन काही हलत नाही’ हे गाऱ्हाणं न्यूयॉर्कच्या काही संशोधकांनी एकदा गांभीर्याने तपासलं. त्याचे निष्कर्ष १९९२ साली प्रसिद्ध झाले. दिवसाला १२०० कॅलरींपेक्षाही कमी खातो, असं सांगणारे दहा स्थूल लोक त्यांनी निवडले आणि त्यांना रोजच्या खाण्याची डायरी लिहायला सांगितली. सोबत त्यांना जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी प्यायला दिलं. यातला हायड्रोजन शरीरातून पाण्यावाटेच बाहेर पडतो. ऑक्सिजन पाण्यावाटे जातो तसाच श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही जातो. दोहोंच्या वेगातल्या फरकावरून शरीराने किती ऊर्जा खर्च केली ते कळतं आणि त्याला शरीरातल्या साठ्याच्या बदलाची जोड दिली की किती खाल्लं तेही काढता येतं. हिशेब लागला तेव्हा डायऱ्यांमध्ये सरासरी १०२८ कॅलरी होत्या आणि पोटात गेल्या होत्या २०८१. चयापचयात काही दोष आढळला नाही. बरं, हे लोक लबाड होते असंही नव्हे. जे निवांत बसून खाल्लं जातं ते लक्षात राहतं आणि येता-जाता तोंडात टाकलेलं विसरलं जातं, एवढाच त्याचा अर्थ.

मग अशा निम्म्याने चुकणाऱ्या वहीचा उपयोग काय? उत्तर २००८ सालच्या दुसऱ्या एका अमेरिकन अभ्यासात सापडतं. वजन कमी करण्याच्या सहा महिन्यांच्या कार्यक्रमात जवळपास १७०० लोक होते. त्यांपैकी रोज खाण्याची नोंद ठेवणाऱ्यांचं वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट उतरलं. यावर शंका घेता येते आणि ती रास्त आहे: शिस्तीचा माणूस वहीही लिहितो आणि जेवणही आवरतो, मग श्रेय वहीला का द्यायचं? सगळं श्रेय देऊ नयेच. पण आहार-सर्वेक्षणं करणाऱ्यांचा अनुभव इथे साक्षीला येतो. लिहायचं आहे म्हटल्यावर माणसं खाणं बदलतात, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. लिहायच्या दिवशी लोक कमी खातात, साधं खातात, दुसऱ्यांदा वाढून घेत नाहीत. खरी सवय मोजायला निघालेल्या संशोधकाच्या दृष्टीने हा मोठा दोष. म्हणून कित्येक सर्वेक्षणांत आधी न कळवता ‘काल दिवसभरात काय खाल्लं’ असं विचारतात. खाऊन झालेलं बदलता येत नाही. पण ज्याला सवय बदलायचीच आहे त्याच्यासाठी हाच दोष औषध ठरतो. हात डब्यात जातो आणि घास तोंडात जातो, यांच्यामध्ये वही क्षणभर आडवी येते. तिचं काम या क्षणात होतं. पानावरचा आकडा बरोबर आला की चुकला, याला त्यामानाने कमी महत्त्व आहे.

यावरून वही कशी ठेवावी तेही ठरतं. रात्री झोपताना दिवस आठवून लिहिलेली नोंद या कामाची नाही, कारण तोवर तो क्षण निघून गेलेला असतो. खाताना किंवा खाण्याआधीच लिहावं. कॅलरी नाही लिहिल्या तरी चालेल, वेळ आणि वाटी-चमचा मात्र लिहावा. ऑफिसला जाणाऱ्या माणसाचं एखादं पान असं दिसेल: सकाळी सातला चहा, दोन चमचे साखर, दोन बिस्किटं. नऊला बशीभर पोहे, पुन्हा चहा. दीडला तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, आमटी, भात. चारला कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, त्यावर चहा. साडेसहाला घरी चहा आणि उभ्याउभ्या मूठभर फरसाण. साडेनऊला वरणभात, पोळी, आणि मुलाने टाकलेली अर्धी पोळी ‘वाया नको जायला’ म्हणून. यात वावगं असं काहीच नाही. पण चार चहांचे आठ चमचे, चमच्याला पाच ग्रॅम धरले तर ४० ग्रॅम साखर होते. महिन्याला एकट्याची सव्वा किलोच्या घरात. बिस्किटं आणि केक वेगळेच. वरून घातलेली साखर, मध, फळांचे रस सगळं धरून दिवसाला ५० ग्रॅमच्या आत राहावं, २५ च्या आत राहिलं तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना २००० कॅलरींच्या आहारासाठी सांगते. ‘मी गोड खातच नाही’ असं हाच माणूस अगदी मनापासून सांगेल.

त्याच पानावर काय नाही, हेही वाचायला हवं. पालेभाजी नाही, फळ नाही, उसळ नाही. खाण्याची वही म्हणजे बारीक होण्याचा उद्योग, असा आपला समज आहे. पण आपल्याकडे जास्त खाण्याइतकंच कमी पडण्याचंही दुखणं मोठं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सगळ्यांना वाढून झाल्यावर बसणाऱ्या बाईच्या ताटात भाजीचा रस्सा असतो, फोडी संपलेल्या असतात. त्यात जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातले टॅनिन जेवणातलं लोह शरीरात पुरेसं शोषलं जाऊ देत नाहीत. पंधरा दिवसांची पानं शेजारी ठेवली की हे तक्रार न करताही दिसतं. उपवासाचे दिवसही त्यात येतात: साबुदाणा, दाण्याचं कूट, तूप, बटाटा यांची बेरीज नेहमीच्या जेवणाहून जड भरते, हे लिहून पाहिल्याशिवाय पटत नाही.

आता आक्षेप. पहिला असा, की आपलं जेवण एका पातेल्यातलं. आमटीच्या पाकिटावर कॅलरी छापलेल्या नसतात, मग नोंद करायची कशी? याचं उत्तर आपल्याच देशात फार पूर्वी शोधलं गेलं. १९७२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पोषण संनियंत्रण मंडळाच्या पाहण्यांत ठरावीक मापांच्या वाट्या घेऊन माणसं घरोघर जात. किती डाळ शिजवली, एकूण किती आमटी झाली आणि कुणाच्या वाट्याला किती आली, एवढं विचारलं की त्रैराशिक सुटतं. दीडशे ग्रॅम डाळीची सहा वाट्या आमटी झाली, तर एका वाटीत २५ ग्रॅम डाळ. तेलासाठी तर एवढंही नको, किराण्याची यादी पुरे. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज ३३ मिलिलिटर पडतं, म्हणजे पावणेतीनशे कॅलरी नुसत्या फोडणी-तळणातून.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: घासाघासाचा हिशेब ठेवू लागलं तर जेवणातला आनंद जाईल आणि काहींना त्याचं वेडच लागेल. हे खरं आहे. ज्यांचं खाण्याशी आधीच भांडण आहे, जे खाल्ल्यावर स्वतःला शिक्षा करतात, त्यांच्या हाती आकड्यांची वही देऊ नये. वाढत्या वयाच्या मुलांनाही हा नाद लावू नये. म्हणूनच इन्सुलिन घेणाऱ्यांना किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्यांना वगळता, वहीला मुदत असावी. दोन-तीन आठवडे लिहावी, वाचावी, एखादी सवय बदलावी आणि मिटावी. तिसरा आक्षेप, ही भरल्या पोटाची चैन आहे. पण वही विकतचं काही मागत नाही. लिहिता न येणाऱ्याला मोबाइलवर ताटाचा फोटो काढून ठेवता येतो, आणि अपुऱ्या ताटाचा पुरावा तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना दाखवायला अधिकच उपयोगी.

नवशिक्या माणसाला स्वयंपाक करताना प्रत्येक गोष्ट मोजावी लागते. पुढे कधीतरी मीठ बोटांनाच कळू लागतं, कणकेत पाणी किती हे हात सांगतो. मग चमचा बाजूला पडतो. शिजवण्याचा हा अंदाज आपण आदराने जपतो, पण खाण्याचाही अंदाज शिकावा लागतो हे विसरतो. काही आठवडे नेमाने लिहिलेल्या वहीतून तो येऊ शकतो. एकदा आला, की चौथ्या चहाला कप पुढे करण्याआधी हात आपोआप जरासा थांबतो. त्या वेळी वही कपाटात असली तरी चालतं.