किरणाला मुक्काम ठाऊक असतो का?

पेल्यातल्या पाण्यात चमचा मोडल्यासारखा दिसतो, हे आपण शाळेत शिकलो. आमच्या पुस्तकात त्याला वक्रीभवन म्हणत, आताची मुलं अपवर्तन म्हणतात. हवेतून पाण्यात तिरका शिरताना किरण वळतो. किती वळतो याचा नियम देकार्तनं १६३७मध्ये छापला. मला रस आहे तो पुढच्या भांडणात.

देकार्तच्या मांडणीतून असं निघत होतं, की प्रकाशाला पाण्यातून जाणं हवेपेक्षा सोपं. फर्माला हे पटेना. त्यानं १६६२मध्ये उलट धरलं: पाण्यात प्रकाश मंदावतो, आणि तो कमीत कमी वेळाची वाट घेतो. आता बघा, अलीकडे कोरडा माळ आहे, पलीकडे भातखाचर. खाचरात उभ्या असलेल्या माणसापर्यंत लवकर पोचायचंय. तुम्ही नाकासमोर जाल का? नाही. माळावर थोडं जास्त चालाल, चिखल कमी तुडवाल. फर्मानं हिशेब केला आणि गंमत म्हणजे नियम आला तोच, देकार्तचा! तो स्वतःच चकित झाला.

यावर देकार्तचा अनुयायी क्लेर्सेलिए यानं हरकत घेतली, ती मला फार मोलाची वाटते. किरणाला पुढचं काय ठाऊक? ना त्याला निवड आहे, ना दूरदृष्टी. असल्या तत्त्वाला भौतिक कारण कसं म्हणायचं?

वेगाचा निकाल फूकोनं १८५०मध्ये लावला. पाण्यात प्रकाश मंदच चालतो, हवेतल्या वेगाच्या साधारण तीन-चतुर्थांश. म्हणजे फर्मा बरोबर. पण क्लेर्सेलिएचा प्रश्न त्यानं सुटत नाही. तो सुटतो लाटेच्या कल्पनेनं, जी हायगेन्सनं १६९०च्या पुस्तकात मांडली होती.

पुन्हा त्याच माळावर या. एकटा माणूस नको, हातात हात धरून चालणारी रांग घ्या, खाचराकडे तिरकी येणारी. जे टोक आधी चिखलात गेलं ते मंदावलं. दुसरं अजून माळावर झपझप चालतंय. रांग आपोआप वळते. मुक्काम कुणालाच ठाऊक नाही, जो तो फक्त आपल्या पायाखालची जमीन जाणतो. आणि वळलेली वाट निघते ती नेमकी फर्माच्या हिशेबाची.

आणखी एक. अंतर्वक्र आरशावरून परतणाऱ्या किरणाची वाट कधी कधी शेजारच्या वाटांपेक्षा जास्त वेळाचीही असते. ‘कमीत कमी’ हा शब्दच तिथे गळून पडतो, मग काटकसरी निसर्ग कुठला? रांगेचं मात्र तिथेही काही अडत नाही.