एका खेळाचा जन्म

हुतूतू, खो-खो, विटीदांडू, लगोरी हे खेळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खेळले जात आहेत. परंतु ते प्रथम कोणाला सुचले, हे कोणालाच सांगता येणार नाही. अनेक ओढ्यांचे पाणी पोटात घेत नदी मोठी होते, त्याप्रमाणे हे खेळ गावोगावच्या मुलांच्या हातून घडत गेले. जगातील बहुतेक खेळांची कथा अशीच आहे. एक खेळ मात्र याला अपवाद आहे. तो कोणी निर्माण केला, कोठे केला, कोणत्या अडचणीतून केला आणि त्यातील मुख्य नियम कोणत्या विचाराने केले, हे त्याच्या कर्त्यानेच लिहून ठेवले आहे. तो खेळ म्हणजे बास्केटबॉल.

इ. स. १८९१ चा हिवाळा होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचे शहर आहे. तेथे वाय. एम. सी. ए. या संस्थेचे एक प्रशिक्षण-विद्यालय होते. शरद ऋतूत तेथील विद्यार्थी फुटबॉल खेळत आणि वसंत ऋतूत बेसबॉल खेळत. मधल्या महिन्यांत मात्र मैदानावर बर्फ साचे आणि सर्वांना व्यायामशाळेच्या चार भिंतींच्या आत यावे लागे. तेथे कवाइत, हातपाय हलविण्याच्या ठरावीक कसरती आणि उपकरणांवरील व्यायाम एवढेच काय ते असे. अठरा विद्यार्थ्यांच्या एका वर्गाला या व्यायामाचा अगदी वीट आला. हे विद्यार्थी लहान मुले नव्हती. संस्थेचे चिटणीस होण्याचे शिक्षण घेण्यासाठी आलेले ते प्रौढ तरुण होते. ते उघडपणे नापसंती दाखवू लागले. एकामागून एक दोन शिक्षकांनी त्यांच्यापुढे हात टेकले. तेव्हा व्यायामविभागाचे प्रमुख ल्यूथर ग्यूलिक यांनी तो वर्ग जेम्स नेस्मिथ या तरुण शिक्षकाकडे सोपविला.

नेस्मिथ यांचा जन्म १८६१ साली कॅनडामध्ये झाला. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचे आईवडील विषमज्वराने वारले आणि मामांच्या घरी शेतीची कामे करीत ते लहानाचे मोठे झाले. पुढे माँट्रिअल येथील मॅक्‌गिल विद्यापीठात शिक्षण घेऊन १८९० साली ते स्प्रिंगफील्डला आले. ग्यूलिक यांचे एक मत ते नेहमी ऐकत असत. जगात अगदी नवे असे काही नसते. जुन्याच गोष्टींची नवी जुळणी म्हणजे नवी वस्तू, असे ते मत होते. तसे असेल, तर जुन्या खेळांतील गुण वेगळे काढून त्यांतून एक नवा खेळही जुळविता येईल, असे नेस्मिथ यांनी एकदा बोलून दाखविले होते. आता ते बोलणे खरे करून दाखविण्याची वेळ आली. ग्यूलिक यांनी त्यांना चौदा दिवसांची मुदत दिली.

पहिले बारा-तेरा दिवस निराशेतच गेले. नेस्मिथ यांनी आरंभी मुलांचे साधे खेळ घेऊन पाहिले. परंतु थोड्याच वेळात तरुणांना त्यांचा कंटाळा आला. मग त्यांनी मैदानी खेळ आत आणले. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याला मिठी मारून खाली पाडतात. लाकडी जमिनीवर ते धोक्याचे, म्हणून त्यांनी तो भाग सौम्य केला. तेव्हा खेळाडूंना खेळच बेचव वाटू लागला. पायाने खेळावयाच्या फुटबॉलमध्ये चेंडू खिडक्यांच्या काचांवर आदळू लागला. जाळीदार काठीने चेंडू झेलण्याचा लॅक्रॉस हा खेळ घेतला, तर अपुऱ्या जागेत काठ्या हातांना व तोंडांना लागू लागल्या. मुदत संपत आली. वर्ग पूर्वीसारखाच नाराज होता आणि नेस्मिथ यांच्या हाती काहीच लागले नव्हते.

तेव्हा त्यांनी आपली विचाराची दिशा बदलली. एखादा तयार खेळ उचलून तो कसाबसा व्यायामशाळेत बसविणे, ही आपली चूक झाली, असे त्यांना दिसून आले. प्रत्येक खेळाला जे आवडणारे असतात, त्यांना त्यात केलेली काटछाट सहन होत नाही. म्हणून त्यांनी खेळांची नावे बाजूस ठेवली आणि सर्व खेळांत समान काय आहे, हे पाहण्यास आरंभ केला.

संघांचे बहुतेक लोकप्रिय खेळ चेंडूने खेळले जातात. म्हणून चेंडू हवाच. तो लहान असावा की मोठा? लहान चेंडूला बहुधा बॅट किंवा काठी लागते. तिचा उपयोग शिकण्यास वेळ लागतो आणि गर्दीत तिच्यामुळे इजा होते. मोठा चेंडू मात्र कोणालाही नुसत्या हातांनी झेलता व फेकता येतो. यावरून मोठा चेंडू निश्चित झाला.

यानंतरचा प्रश्न अधिक कठीण होता. फुटबॉलमध्ये एवढी धक्काबुक्की का होते? खेळाडू चेंडू घेऊन धावतो, त्याला अडविल्यावाचून प्रतिपक्षाला गत्यंतर नसते, म्हणून होते. मग खेळाडूला चेंडू घेऊन धावूच दिले नाही तर? ज्याने चेंडू झेलला, त्याने तेथेच थांबावयाचे आणि तेथूनच तो दुसऱ्याकडे फेकावयाचा. जो धावतच नाही, त्याला पाडण्याचे कारणही उरत नाही. हा विचार सुचताच आपल्याला नव्या खेळाचे मर्म सापडले, असे नेस्मिथ यांना वाटले. धक्काबुक्कीला शिक्षा ठेवून ते थांबले नाहीत. धक्काबुक्कीचे मूळच त्यांनी काढून टाकले.

आता उरला गोल. उभ्या चौकटीचा गोल ठेवला, तर जोराने चेंडू मारणाराच यशस्वी होणार आणि समोरच्याला मार बसणार. या ठिकाणी नेस्मिथ यांना लहानपणचा एक खेळ आठवला. कॅनडातील त्यांच्या खेड्यात मुले एका मोठ्या खडकावर एक दगड ठेवीत आणि दुरून आपापले दगड फेकून तो पाडीत. आपल्या लगोरीशी या खेळाचे थोडे साम्य आहे. जोराने फेकलेला दगड नेम चुकल्यास दूर जाऊन पडे. तो आणण्यास जाणारा मुलगा राखणदाराच्या हाती सापडे. म्हणून जाणती मुले दगड हळूच, कमानीसारखा वर जाऊन खाली येईल अशा बेताने फेकीत. त्या खेळात बळापेक्षा नेमाला मोल होते. गोलाचे तोंड आकाशाकडे केले, तर चेंडूही असाच हळुवारपणे फेकावा लागेल! परंतु असा गोल जमिनीवर ठेवला, तर रक्षण करणारे खेळाडू त्याच्याभोवती कडे करून उभे राहतील. यास्तव तो सर्वांच्या डोक्यांच्या वर असला पाहिजे. याप्रमाणे एका प्रश्नातून दुसरा प्रश्न आणि एका उत्तरातून दुसरे उत्तर निघत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेस्मिथ यांनी इमारतीची देखभाल करणाऱ्या गृहस्थांकडे दोन चौकोनी खोकी मागितली. खोकी नव्हती, पण कोठीत पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या पडलेल्या होत्या. नेस्मिथ यांनी त्याच घेतल्या आणि व्यायामशाळेच्या दोन टोकांना सज्जाच्या कठड्यावर खिळ्यांनी ठोकल्या. तो कठडा जमिनीपासून दहा फूट उंचीवर होता. केवळ योगायोगाने ठरलेली ती दहा फुटांची उंची आजही जगभर पाळली जाते. मग त्यांनी तेरा नियम लिहून काढले, ते दोन कागदांवर टंकलिखित करविले आणि सूचनाफलकावर लावले.

ते नियम अगदी साधे होते. चेंडू एका किंवा दोन्ही हातांनी कोणत्याही दिशेला फेकावा. त्यावर मूठ मारू नये. चेंडू घेऊन धावू नये. प्रतिस्पर्ध्याला खांद्याने रेटू नये, धरू नये, ढकलू नये, पाडू नये की मारू नये. असे प्रथम केल्यास तो नियमभंग धरावा. पुन्हा केल्यास पुढील गोल होईपर्यंत त्या खेळाडूला बाहेर ठेवावे. दुसऱ्याला इजा करण्याचा हेतू उघड दिसला, तर त्याला संपूर्ण सामन्यातून काढावे आणि त्याच्या जागी दुसरा खेळाडू घेऊ देऊ नये. एका पक्षाने लागोपाठ तीन नियमभंग केल्यास प्रतिपक्षाला एक गोल द्यावा. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटांची विश्रांती असावी. पाच मिनिटांत समजावून सांगता येईल, एवढाच हा पसारा होता.

२१ डिसेंबर १८९१ रोजी पहिला सामना झाल्याचे मानतात. वर्गात अठरा विद्यार्थी होते, म्हणून नऊ-नऊ जणांचे दोन संघ पडले. फलकावरचा कागद पाहून प्रथम कोणाच्या तोंडावर उत्साह दिसला नाही. पण चेंडू वर उडाला आणि थोड्याच वेळात सारे रंगून गेले. त्या सामन्यात एकच गोल झाला. विल्यम चेस या विद्यार्थ्याने सुमारे पंचवीस फुटांवरून फेकलेला चेंडू टोपलीत पडला. जो वर्ग व्यायामशाळेत येण्यास नाखूश होता, तो आता तेथून बाहेर पडण्यास नाखूश झाला. नाराज विद्यार्थ्यांचा म्होरक्या फ्रँक माहान याने तर खेळाला ‘नेस्मिथ बॉल’ हे नाव सुचविले. असले नाव दिल्यास खेळच मरेल, असे म्हणून नेस्मिथ हसले. तेव्हा माहानने टोपली आणि चेंडू या दोन शब्दांचे मिळून ‘बास्केटबॉल’ हे नाव पुढे केले. ते सर्वांना पसंत पडले.

अर्थात पहिल्याच दिवशी हा खेळ परिपूर्ण नव्हता. टोपलीला बूड होते. त्यामुळे गोल झाला की कोणीतरी वर चढून चेंडू काढावा लागे. पुढे टोपलीच्या जागी लोखंडी कडे व जाळी आली आणि कालांतराने जाळी खालून मोकळी ठेवण्यात आली. सज्जातील प्रेक्षक हात लांबवून येणारा चेंडू अडवीत किंवा आपल्या पक्षाचा चेंडू आत ढकलीत. म्हणून कड्याच्या मागे फळी आली; आणि ती आल्यावर फळीवर चेंडू आपटून गोल करण्याची नवी युक्ती खेळाडूंनी शोधली. चेंडू घेऊन धावावयाचे नाही, हा नियम होता. पण चोहोकडून घेरलेला खेळाडू चेंडू हातातून सोडून तो पुन्हा घेऊ लागला. त्यातूनच चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेण्याचे कौशल्य निर्माण झाले. नेस्मिथ यांनी हे चातुर्य दोषास्पद मानले नाही. उलट त्याचे कौतुकच केले. खेळाचा पाया एकाने घातला, पण त्यावरील इमारत खेळणाऱ्यांनी बांधली.

खेळ फार लवकर पसरला. १८९२ च्या जानेवारीत त्याचे नियम विद्यालयाच्या नियतकालिकात छापले गेले. जवळच्या शाळेतील शिक्षिका गलबला ऐकून डोकावल्या आणि आम्हालाही खेळता येईल का, असे विचारू लागल्या. त्याच वर्षी सेंडा बेरेन्सन यांनी स्मिथ महाविद्यालयातील विद्यार्थिनींसाठी तो सुरू केला. १८९५ साली विल्यम मॉर्गन यांनी स्प्रिंगफील्डजवळच्या होल्योक गावी आणखी एक खेळ रचला. प्रौढ गृहस्थांना बास्केटबॉलची धावपळ झेपत नव्हती; म्हणून त्यांनी मध्ये जाळे बांधून दोन्ही पक्षांना वेगळे केले. महाराष्ट्रातील गावोगावच्या पटांगणांवर दिसणारा व्हॉलीबॉल तो हाच. स्प्रिंगफील्डलाच शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रास येथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय स्थापन केले. तेथे तयार झालेले व्यायामशिक्षक भारतभर गेले.

१९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांत बास्केटबॉलला प्रथमच स्थान मिळाले. पंचाहत्तरीकडे झुकलेल्या नेस्मिथ यांना तेथे जाता यावे, म्हणून अमेरिकेतील बास्केटबॉलच्या शिक्षकांनी पैसे जमविले. वीसहून अधिक देशांचे संघ आपला खेळ खेळण्यासाठी आलेले त्यांनी पाहिले. अंतिम सामना उघड्यावर, भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना. त्या सामन्यात अमेरिकेने कॅनडाचा १९ विरुद्ध ८ असा पराभव केला. ज्या देशात नेस्मिथ जन्मले आणि ज्या देशात त्यांनी खेळ निर्माण केला, तेच दोन देश समोरासमोर होते! १९३९ साली त्यांचे निधन झाले.

या खेळापासून धन मिळविण्याचा नेस्मिथ यांनी कधी प्रयत्न केला नाही. सूचनाफलकावरील ते दोन कागद माहानने आठवण म्हणून काढून ठेवले होते; पुढे त्याने ते त्यांना परत दिले. २०१० साली झालेल्या लिलावात त्या कागदांना ४३ लाख डॉलर एवढी किंमत आली. आज ते कॅन्सास विद्यापीठात जतन करून ठेवले आहेत. परंतु त्यांचे खरे मोल या रकमेत नाही. खेळात भांडण का होते, एखाद्याला इजा का होते, दुर्बळाला संधी का मिळत नाही, याचा शोध घेतला, तर नियमही त्यातूनच सापडतो. तेवढा शोध घेण्यास मोठे मैदान लागत नाही की महागडे साहित्य लागत नाही. एक चेंडू, थोडी मोकळी जागा आणि विचार करणारे काही सोबती असले, तर एखाद्या शाळेच्या अंगणातही नवा खेळ जन्मास येऊ शकतो.