दिलसुखनगरातून समुद्रतळाकडे

हैदराबादच्या दिलसुखनगरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी सागरी भूवैज्ञानिकाचं बरंचसं काम इथून घरबसल्या होऊ शकतं. जवळच, उप्पल रोडवरच्या एनजीआरआय या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत समुद्रतळाखालच्या गॅस हायड्रेटचा, म्हणजे पाण्याच्या बर्फासारख्या जाळीत अडकलेल्या वायूचा अभ्यास वर्षानुवर्षं चालतो. जहाजावरून सोडलेला ध्वनी तळाखालच्या थरांवर आपटून परततो. त्या नोंदी मग घरीही संगणकावर उलगडता येतात. समुद्रतळाला समांतर, पण उलट्या लहरीची ठळक रेघ दिसली, की वर बर्फासारखं हायड्रेट आणि खाली मोकळा वायू असण्याची दाट शक्यता. ही रेघ ओळखायला मुरलेली नजर लागते. २००६ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यात समुद्रतळ खोदला, तेव्हा हायड्रेट प्रत्यक्ष हाती आलं. त्या खोदकामाला मात्र जहाजच लागतं.